दुप्पट बोकड

आमच्याकडे पाहुणा आला की आधी पाणी विचारतात, मग गाव. बाटली आली की उलटं. आधी गाव विचारतात, पाणी नंतर.

त्याला कारण आहे. बेळगाव हा तीन राज्यांच्या बाटल्यांचा तिठा. चोर्ला घाटातून गोव्याची बाटली वर चढते, कागलकडून महाराष्ट्राची खाली उतरते, कर्नाटकाची इथलीच, आणि चौथी लष्कराची. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्र गावातच असल्यामुळे दर गल्लीत एक तरी निवृत्त सुभेदार सापडतो आणि दर सुभेदाराच्या कपाटात, जुन्या गणवेशाच्या घडीमागे, कॅन्टीनची रम. माणसांची सीमा १ नोव्हेंबर १९५६ पासून भांडणात आहे आणि २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. बाटल्यांची मात्र केव्हाच ठरून गेली. प्रत्येकीच्या अंगावर छापलेलंच असतं : विक्री फक्त अमुक राज्यात. आपलं राज्य कोणतं हे सीमाभागात कुणाला छातीठोकपणे सांगता येत असेल, तर ते क्वार्टरला.

शिवाय नाक्याच्या दोन बाजूंना कायदा वेगळा. पलीकडे महाराष्ट्रात १९४९चा दारूबंदी कायदा अजून जिवंत आहे. तिथं प्यायला परवाना लागतो आणि तो प्रकृतीच्या नावाखाली मिळतो. म्हणून तिकडच्या बारला परमिट रूम म्हणतात. अलीकडे आमच्या बाजूला प्रकृती उत्तम असली तरी चालतं. आमचे निपाणीचे तात्या कट्टर महाराष्ट्रवादी. निपाणी महाराष्ट्रात गेलीच पाहिजे, ही घोषणा देऊन देऊन त्यांचा आवाज कायमचा बसलाय. पण कुणी विचारलं, "तात्या, गेली तर परवाना काढावा लागंल की," तर शांतपणे म्हणतात, "काढू की. तवर बसू या."

तर अशा मुलखात गेल्या डिसेंबरात सहा बाटल्या आल्या आणि त्यांच्यावर कुठल्याच ओळखीच्या राज्याचं नाव नव्हतं.

आणल्या तात्यांच्या भाच्यानं. हा मुलगा बेळगावात उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत चार वर्षं काढून जर्मनीत गेला तो म्युनिकजवळ स्थिरावला. येताना प्रत्येकी ३३० मिलीच्या सहा बाटल्या, बनियनमध्ये गुंडाळून. विमानतळावर माणशी दोन लिटरची मुभा असते. सहा बाटल्यांचे होतात १९८० मिली. "वीस मिली सरकारला सोडली," तो म्हणाला. तात्यांनी त्याच्याकडे कौतुकानं पाहिलं. घराण्यात व्यवहार शिल्लक होता.

बैठक ठरली यमगर्णीच्या पुलाजवळ, वेदगंगेकाठच्या मळ्यात. मंडळी पाच. तात्या, भाचा, बेळगावहून मी आणि माझ्या गल्लीतले सुभेदार, आणि तात्यांचे शेजारी मास्तर. मास्तरांची मातृभाषा कन्नड आणि मराठी आम्हा चौघांपेक्षा शुद्ध. तात्या मात्र भाव ठरवताना आणि चिडल्यावर कन्नडमध्ये शिरतात. महाराष्ट्रवाद्याच्या शिव्या कन्नड आणि कानडी मास्तराचे शुद्धलेखनाचे नियम मराठी, अशी ही मैत्री चाळीस वर्षं टिकून आहे. संकेश्वरी मिरचीचा ठेचा होता, खारे शेंगदाणे होते, आणि सुभेदारांच्या पिशवीत, वेळ पडली तर असावी म्हणून, रम होती. फौजेतला माणूस राखीव कुमक सोडून कुठं जात नाही.

बाटली टेबलावर आली. काळपट तपकिरी. लेबलावर दोन बोकड मागच्या पायांवर उभे, मध्ये भरलेला पेला. आणि गळ्यात लाल दोरा, दोऱ्याला प्लॅस्टिकचा एवढासा पांढरा बोकड.

"हे देवाला सोडलेलं हाय काय?" तात्यांनी विचारलं.

भाचा म्हणाला, याला बॉक म्हणतात. बॉक म्हणजे जर्मन भाषेत बोकड.

"म्हंजे बोकडच की रं! शेवटचा 'ड' तेवढा गिळलाय त्यांनी."

"आमच्यात होत म्हणतात," मास्तर म्हणाले. कन्नडमध्ये बोकडाला खरंच 'होत' म्हणतात.

"आत्ता कळलं," तात्या म्हणाले. "सत्तर वर्षं समदे आम्हाला सांगत्यात, काही होत न्हाई, काही होत न्हाई. अवो, होत बाटलीत बसलाय तर हुणार कसं!"

मास्तर हसले, पण सुभेदार हसले नाहीत. ते चष्मा कपाळावर चढवून लेबलावरचा आकडा वाचत होते. ६.७ टक्के. सीमाभागात बिअरचं लेबल वाचतात ते फक्त या आकड्यासाठी. बाकीचा मजकूर कंपनीनं हौसेनं छापलेला असतो. आपल्या देशात खपणाऱ्या बिअरमध्ये सिंहाचा वाटा स्ट्राँगचा, आणि स्ट्राँग म्हणजे आठ टक्क्यांच्या आत पण आठाच्या जवळ. सुभेदारांनी बाटली हळूच खाली ठेवली.

"सहा पॉइंट सात? एवढ्यासाठी बोकड कापला?"

इथं भाच्यानं एक शब्द उच्चारला. तो ऐकून तात्या म्हणाले, "शिंकलास काय?" तो शिंकला नव्हता. तो 'श्टामव्युर्त्स' म्हणाला होता. मोड आणून भाजलेल्या सातूचं जे गोड पाणी काढतात, त्यात आंबवण्याआधी विरघळलेला ऐवज किती, त्याचं हे माप. साध्या बिअरला बारा टक्क्यांच्या आसपास पुरतं. बॉक म्हणवून घ्यायचं तर निदान सोळा पाहिजे आणि डॉपेलबॉकला अठरा. आमच्या समोर होती ती डॉपेलबॉक.

तात्या एकदम ताठ बसले. "मग ब्रिक्स म्हण की रं सरळ!"

ब्रिक्स म्हटल्यावर काय सांगायचं राहिलं? निपाणी-संकेश्वर पट्ट्यात शाळा सुटलेल्या माणसालासुद्धा ब्रिक्स आणि उतारा हे दोन शब्द बायकोच्या नावाइतके पाठ असतात. कारखान्यावर ऊस घातल्यावर रसाचा ब्रिक्स किती आला यावर इथं लग्नं ठरतात आणि मोडतात. चांगल्या उसाच्या रसाचा ब्रिक्स अठरा-वीस. म्हणजे म्युनिकच्या कारागिराच्या हंड्यातला सातूचा रस आणि आमच्या गुऱ्हाळाच्या काहिलीतला उसाचा रस गोडीला अगदी एका पातळीवर. पुढं रस्ते फुटतात. आम्ही तो आटवून गूळ करतो. ते त्याच्यात हॉपची फुलं टाकून उकळतात, यीस्ट घालतात आणि महिनोन्‌महिने थंड तळघरात निजवून ठेवतात. लागर या शब्दाचा अर्थच मुळी साठवण.

सुभेदारांची शंका मात्र मिटली नाही. एवढा गोड रस, तर टक्के कमी का? भाच्यानं समजावलं की सगळी गोडी यीस्टला खाऊ देत नाहीत. बरीचशी पेल्यात राहू देतात. आपल्याकडच्या स्ट्राँगमध्ये बऱ्याचदा तांदूळ आणि साखर हाताशी घेऊन टक्का वाढवतात; सातू बिचारा नावाला. बव्हेरियात १५१६ साली ड्यूकनं फर्मानच काढलं होतं की बिअरमध्ये सातू, हॉप आणि पाणी याशिवाय काही घालायचं नाही.

"यीस्ट?" मास्तरांनी लगेच पकडलं. आयुष्यभर उत्तरपत्रिका तपासलेला माणूस.

फर्मानात यीस्टचं नावच नाही. तेव्हा त्याचं खरं काम ठाऊकच नव्हतं कुणाला. बिअर आपोआप होते अशी समजूत. "विरजणासारखं," मी म्हणालो. "लावते आक्का, पण घरात सगळे म्हणतात दही लागलं."

हे वाक्य आतून आक्कांनी, तात्यांच्या बायकोनं, ऐकलं असावं. भांड्यांचा आवाज वाढला.

मग गावाचा प्रश्न निघाला. निघणारच होता. ही मूळची कुठली?

भाच्यानं सांगितलेली हकीकत अशी. उत्तरेकडे आइनबेक नावाचं एक गाव. चौदाव्या शतकापासून त्याची बिअर दूरदूर जायची. पाचएकशे किलोमीटर दक्षिणेला म्युनिक. तिथल्या दरबारी मंडळींना ही बिअर इतकी आवडली, की सतराव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी आइनबेकचा कारागीरच बोलावून घेतला आणि घरी करायला लावली. पण बव्हेरियन जिभेला 'आइनबेक' काही नीट म्हणता येईना. त्याचं झालं 'आइनबॉक', आणि 'आइन बॉक' म्हणजे 'एक बोकड'. झालं. गावाचं नाव पुसलं आणि लेबलावर बोकड आला.

टेबलावर शांतता पसरली. दु:खाची नव्हे, ओळखीची. गाव एकाचं, माल दुसऱ्यानं नेला, नाव तिसऱ्याच्या उच्चारातून आलं आणि चित्र चौथ्याच प्राण्याचं : एवढं सगळं समजायला सीमाभागातल्या माणसाला भाषांतर लागत नाही. आमचं गाव मूळचं वेणुग्राम म्हणतात. त्याचं झालं बेळगाव. इंग्रजांनी केलं बेलगाम, म्हणजे लगाम काढूनच टाकला. २०१४च्या १ नोव्हेंबरपासून सरकारदरबारी बेळगावी. टपालवाला सगळ्या नावांची पत्रं एकाच घरी टाकतो.

"उच्चार चुकला की बिअर होते," मी म्हणालो, "असा नियमच दिसतो." पुण्यात २००९ साली जागच्या जागी ताजी बिअर गाळून देणारं एक ठिकाण सुरू झालं, त्याचं नाव डूलाली. शब्द इंग्रजी वाटतो. आहे आपली देवळाली. नाशिकजवळच्या देवळालीच्या छावणीत गोरे सोल्जर मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट बघत पडून राहायचे आणि वाट बघून बघून डोक्यानं जायचे. अशा माणसाला ते 'डूलाली' म्हणू लागले. आणि पुण्यातल्या त्या डूलालीचा पहिला कारागीर होता जर्मन. म्हणजे आइनबेकवर जे बेतलं, ते त्यांनी फिरून देवळालीवर फेडलं.

सुभेदारांनी देवळालीचं नाव ऐकताच तिथल्या तोफखान्याची एक गोष्ट काढली. ती अर्ध्या तासाची असते. तिच्या आडोशानं बाटली उघडली.

फेस आला तो पांढरा नव्हे, दुधाच्या चहावरच्या सायीसारखा बदामी. पेला उजेडात धरला तर कडेनं लालसर, मध्ये काळा. तात्यांनी हात पुढं करून सगळ्यांना थांबवलं. तात्यांची हयात तंबाखूच्या बाजारात दलालीत गेली. तिथं पारख नाकाची. पान तळहातावर चुरायचं, डोळे मिटायचे, हुंगायचं. शिंक आली नाही तर भाव पाडायचा आणि आली तर आणखी पाडायचा. समोरच्याला शेवटपर्यंत कळायचं नाही की शिंक मालाला आली की भावाला. त्यांनी पेला नाकाशी नेला. डोळे मिटले. आम्ही श्वास रोखला. वेदगंगेवर एक टिटवी ओरडून गेली.

"माल मुरलेला हाय," ते म्हणाले. "वखारीत दोन पावसाळं काढल्यागत. पण ओल लागू दिलेली न्हाई."

भाच्यानं खिशातून एक छोटी वही काढली. जर्मनीत कुठल्याशा चाखण्याच्या वर्गाला जाऊन त्यानं टिपणं काढली होती. त्यात या बिअरच्या चवी लिहिल्या होत्या : भाजलेल्या पावाचा कडक पापुद्रा, कॅरमेल, मनुका, अंजीर, शेवटी किंचित भाजक्या दाण्याचा कडवटपणा. त्यानं वाचून दाखवलं आणि आम्ही एकेक घोट घेतला.

आणि इथं भांडण सुरू झालं.

मास्तर म्हणाले, "बेल्ल." म्हणजे गूळ. सुभेदार म्हणाले, "रमचा धाकटा भाऊ. शाळेत हुशार, अंगात जीव नाही." तात्या म्हणाले, गूळ नव्हे, काकवी. गूळ घट्ट होण्याआधी काहिलीतून तांब्याभर काढतात ती. आणि कुठली काकवी? पहिल्या फळीची नव्हे, शेवटच्या फळीची, जाळ जरा जास्त लागलेली. मास्तर म्हणाले, जाळ जास्त लागला हे मान्य, पण पापुद्र्याची चव आहे ती गव्हाच्या पावाची नव्हे, जोंधळ्याच्या भाकरीची, तव्यावरून उतरवून निखाऱ्यावर फुगवलेली. भाचा वहीत बघून म्हणाला, "पाव लिहिलाय." मास्तरांनी त्याच्याकडे असं पाहिलं, की त्यानं वही मिटली.

माझी चव मात्र कुणालाच पटली नाही. मला जिभेवर सरळसरळ बेळगावचा कुंदा आला. कुंदा नव्हे, कुंद्याची खरवड. कढई उतरवल्यावर तळाला जी तपकिरी, चिवट, जराशी करपट साय राहते आणि जिच्यासाठी लहानपणी आम्ही भावंडं चमच्यांनिशी लढायचो, ती. दुसऱ्या घोटाला ती अजून स्पष्ट झाली. मी तसं म्हणालो, तेव्हा निपाणीवाले दोघे एका सुरात म्हणाले, "तुम्हा बेळगाववाल्यांना सगळीकडं कुंदाच दिसतोय." सीमाभागात कन्नड-मराठी एक होतं ते असं. बेळगावविरुद्ध.

तेवढ्यात भाच्याला आठवलं, की बाटल्या सहा होत्या आणि टेबलावर पाचच आहेत.

सहावी सापडली शीतकपाटाच्या वरच्या खणात. बिअर म्हणजे चिल्ड, या श्रद्धेनं तात्यांनी आदल्या रात्रीच एक नमुना बर्फाशेजारी झोपवून ठेवला होता आणि विसरले होते. भाच्यानं कपाळाला हात लावला. ही बिअर मडक्यातल्या पाण्याएवढीच गार प्यायची असते, जास्त गारठली की तोंड मिटून बसते. बाटली फुटायची राहिली होती, बूच वर आलं होतं, आत निम्मा बर्फ. तात्यांनी काही न बोलता ती उपडी करून पेल्यात धरली. बर्फ आतच अडकला आणि पेल्यात उतरलं ते काळंभोर, दाट, तेलासारखं. सुभेदारांनी एक घोट घेतला आणि चष्मा पुसला.

"ही खरी," ते म्हणाले.

भाचा ओरडला, "मामा, तुम्ही आइसबॉक केलीत!"

आइसबॉकची गोष्ट कुल्मबाख गावची. तिथल्या भट्टीतल्या एका पोऱ्यानं, असं सांगतात, कडाक्याच्या थंडीत बॉकची पिंपं रात्री अंगणात विसरली. सकाळी आत बर्फ. मालकानं शिक्षा म्हणून, मधोमध उरलेला काळा रस्सा त्यालाच प्यायला लावला, आणि त्याची चव बघून मालकच वेडा झाला. पाणी आधी गोठतं, मद्य गोठत नाही. बर्फ काढून टाकला की उरतं ते कडक. कुल्मबाखच्या आइसबॉकचा आकडा ९.२ टक्के.

आता मी सोडतो काय? कुंद्याची गोष्ट काय वेगळी आहे? बेळगावात एक हलवाई दूध चुलीवर ठेवून विसरला, असं सांगतात. दूध आटून तळाला लागलं, तपकिरी झालं. फेकवेना म्हणून साखर-खवा घालून ढवळलं आणि गावाला कायमचं नाव मिळालं. त्यांनी थंडीनं आटवलं, आम्ही जाळानं. दोन्हीकडे कर्तबगारी विसरण्याचीच. "म्हणून म्हणतो, ही कुंद्याचीच चव आहे," मी टेबलावर मूठ आपटली. "वंश एक आहे!"

"म्हंजे इसरण्याबद्दल मला बी कायतरी मिळायला पाहिजे," तात्या म्हणाले.

त्यांना काय मिळायचं ते आतून येत होतं. आक्का बाहेर आल्या. आक्का माळकरी. पंढरीची वारी चुकवत नाहीत. त्यांनी टेबलावरचे बोकड मोजले.

"ह्येच्यात मटन हाय?"

"नाही मामी, सातू."

"मग चित्र कशाला खोटं छापायचं?"

भाच्यानं मामीला प्रसन्न करण्यासाठी धर्माकडे धाव घेतली. म्हणाला, मामी, ही खरं तर उपवासाची. म्युनिकमधले पाउला गावच्या संताच्या पंथाचे साधू ईस्टरच्या आधी चाळीस दिवस अन्न वर्ज्य करायचे. पण पातळ काही घेतलं तर व्रत मोडत नाही. म्हणून त्यांनी आणखी दाट, आणखी पौष्टिक बिअर केली आणि तिला पातळ भाकरी समजून घेऊ लागले. साल्वाटोर म्हणतात तिला, म्हणजे तारणहार. पुढं बऱ्याच डॉपेलबॉकांच्या नावाला 'आटोर' शेपूट लागलं. एवढी चवदार वस्तू उपवासाला चालते का, अशी साधूंना एकदा शंका आली म्हणून त्यांनी एक पिंप रोमला पोपकडे पाठवलं. आल्प्स ओलांडून, उन्हातून हेलकावे खात ते पोचेपर्यंत आंबून गेलं. पोपनी चाखलं, तोंड वाकडं केलं आणि म्हणाले, असलं पिणं हे तपच आहे, खुशाल प्या. ही दंतकथा, पण साधूंनी ती मोडून काढल्याचं ऐकिवात नाही.

"आणि डॉपेल म्हंजे?" आक्कांनी विचारलं.

"दुप्पट."

आक्कांनी पदर खोचला. "एकादशी आणि दुप्पट खाशी. साबुदाण्याचं आम्ही करतो, त्यांनी सातूचं केलं. साधू सगळीकडचं सारखंच." आणि तेवढ्यावर प्रश्न निकालात काढून त्या आत गेल्या. डॉपेलबॉकचं इतकं नेमकं भाषांतर अजून कुणी केलेलं नसेल. जाता जाता त्यांनी पाचव्या बाटलीचा वास मात्र घेतला आणि दारातून म्हणाल्या, "काकवी हाय."

तात्यांचा पक्ष बळकट झाला. आता निकाल लावणं भाग होतं. तात्यांनी स्वत:ला एकसदस्य आयोग म्हणून नेमलं. सीमाभागात एकसदस्य आयोगाला इज्जत आहे. १९६६ साली नेमलेल्या महाजन आयोगातसुद्धा महाजन एकटेच होते. आयोगानं मास्तरांची साक्ष घेतली, माझी घेतली, सुभेदारांची घ्यायचा प्रयत्न केला, पण ते तोवर देवळालीच्या तोफखान्यात परत गेले होते. मग आयोगानं डोळे मिटून उरलेला घोट घेतला आणि अहवाल दिला : पहिला वास निपाणीचा, तंबाखूच्या वखारीचा. मधली चव गुऱ्हाळाची, ती काठावरच्या सगळ्या गावांना समान वाटून देण्यात येत आहे. भाकरीचा पापुद्रा मास्तरांना. शेवटचा करपटपणा बेळगावला.

"म्हंजे कुंदा?"

"करपटपणा. कुंदा म्हटलेलं न्हाई."

महाजनांनी १९६७ साली निपाणी महाराष्ट्राला द्यायला सांगितलं आणि बेळगाव कर्नाटकात ठेवायला. तो अहवाल महाराष्ट्रानं फेटाळला. मी हा फेटाळला. मास्तरांनी मान्य केला, पण अंमलबजावणी करायला बाटलीत काही शिल्लक नव्हतं. प्रश्न जिथं होता तिथं राहिला आणि मंडळी अत्यंत समाधानी होती. न सुटलेला प्रश्न घेऊन सुखानं जेवायला बसण्याचा आम्हाला जितका सराव आहे, तितका कुणाला नसेल.

बोकडाची ढुशी लागली ती उठताना. स्ट्राँग बिअर कशी, पहिल्या पेल्यातच गचांडी धरते, माणूस सावध होतो. हिनं काकवी, भाकरी, कुंदा असं घरचं घरचं बोलत बसवून ठेवलं आणि उभं राहिल्यावर मागून अलगद डोकं घातलं. सुभेदार म्हणाले, "सहा पॉइंट सात," आणि सलाम करून पुन्हा खाली बसले. रमची पिशवी तशीच परत गेली. पस्तीस वर्षांच्या नोकरीत कुमक न वापरता परतण्याची वेळ त्यांच्यावर पहिल्यांदाच आली.

मास्तर पेल्याच्या तळाकडे बघत म्हणाले, "चलो ऐतरी." छान आहे. मराठी संपल्यावरच मास्तर कन्नड बोलतात, म्हणजे शेरा मनापासूनचा होता.

सकाळी भंगारवाला आला. आमच्याकडे बिअरची रिकामी बाटली वाया जात नाही. धुऊन पुन्हा भरली जाते, म्हणून तिला भाव असतो. भाचा म्हणाला, तिकडे तर बाटलीमागे आठ सेंट अनामत आधीच घेतात, रिकामी परत केली की देतात. भंगारवाल्यानं सहाही बाटल्या उलटसुलट केल्या, तळ बघितला, काच नखानं वाजवली.

"चालत न्हाई."

"का रं?" तात्या म्हणाले.

"कर्नाटकाची न्हाई. महाराष्ट्राची न्हाई. गोव्याची बी न्हाई. घेणार कोण?"

तात्या काही बोलले नाहीत. तशा घरी कशा पाठवणार म्हणून त्यांनी त्या बाटल्या आत नेऊन ठेवल्या. बोकड वाटून टाकले. एक सुभेदारांच्या स्कूटरच्या किल्लीला, एक मास्तरांच्या चष्म्याच्या घराला, एक रेडकाच्या गळ्यात. मला दोन मिळाले, शेवटच्या करपटपणाची भरपाई म्हणून.

भाचा निघाला तेव्हा संक्रांत झाली होती. गुऱ्हाळं जोरात होती. आक्कांनी त्याच्या हातात बनियनमध्ये गुंडाळलेलं काहीतरी दिलं. सोडून बघितलं तर तीच बाटली, धुतलेली, बुचाला मेण लावलेलं, गळ्यात लाल दोऱ्याचा पांढरा बोकड आणि आत काठोकाठ काकवी.

"मामी, विमानतळावर उघडून बघतील."

"बघू देत की. चाखू देत बी." आणि मग, तात्यांच्या दिशेनं : "त्यांना इचार, कुंदा हाय का काकवी. तिथला निकाल तरी मान्य करतील ह्ये."